स्थितांबरातला क्लोरिन सूर्यप्रकाशातून कसा मोजायचा

स्थितांबर म्हणजे ओझोन असलेला वातावरणाचा उंचावरचा थर. त्यात चाळीस-पन्नास किलोमीटर उंचीवर हवेच्या दर एक अब्ज रेणूंमागे हायड्रोजन क्लोराइडचे साधारण तीन रेणू असतात. ते मोजायला तिथवर जावं लागत नाही. सूर्याचा प्रकाश त्या थरातून खाली येताना अवरक्त भागातल्या काही ठरावीक तरंगसंख्या (एका सेंटीमीटरात मावणाऱ्या लहरींची संख्या, एकक प्रति सेंमी) तिथे शोषल्या जातात, आणि जमिनीवर पुरेसं सूक्ष्म विभेदन (जवळजवळच्या रेषा वेगळ्या दाखवण्याची क्षमता) असलेलं उपकरण असेल तर त्या शोषणाच्या रेषा स्पष्ट दिसतात. स्वित्झर्लंडमधल्या युंगफ्राऊयोख इथे, ३५८० मीटर उंचीवरच्या वेधशाळेत, हायड्रोजन क्लोराइडची मोजणी १९७७ पासून सुरू आहे. इतकी लांब मालिका या वायूसाठी दुसरीकडे मिळणं कठीण.

हा लेख ज्यांना ही मोजणी प्रत्यक्ष करायची आहे किंवा दुसऱ्यांनी केलेली मोजणी डोळसपणे वापरायची आहे, त्यांच्यासाठी आहे. एक गोष्ट आधीच सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्याभोवती फिरतं: रेषा किती खोल आहे यापेक्षा तिचा आकार कसा आहे हे जास्त महत्त्वाचं. वायू कोणत्या उंचीवर आहे ते आकारातूनच कळतं, आणि उपकरणातले दोषही नेमके त्या आकारातच लपून बसतात.

नेमकं काय शोधायचं

क्लोरोफ्लुरोकार्बन, म्हणजे सीएफसी, खालच्या हवेत पावसात विरघळत नाहीत की तुटत नाहीत. ते हळूहळू स्थितांबरात चढतात आणि तिथल्या अतिनील किरणांनी फुटतात. सुटलेला क्लोरिन ओझोन खातो, पण बहुतेक वेळ तो दोन निरुपद्रवी संयुगांत अडकून असतो: हायड्रोजन क्लोराइड आणि क्लोरिन नायट्रेट. यांना साठा-रेणू म्हणतात. ओझोनशी प्रत्यक्ष झुंजणारा क्लोरिन मोनॉक्साइड अवरक्त भागात फार क्षीण दिसतो. त्याच्यासाठी सूक्ष्मतरंग रेडिओमापक हेच योग्य साधन आहे. अवरक्त वर्णपटमापकाने तो शोधायच्या मागे सुरुवातीलाच लागू नका. दोन साठा-रेणूंची बेरीज नीट आली, तर स्थितांबरातल्या असेंद्रिय क्लोरिनचा बहुतेक हिशेब हातात येतो.

रेषा निवडणं

हायड्रोजन क्लोराइडचा मूलभूत पट्टा २८८६ प्रति सेंमीच्या आसपास आहे. रेणू हलका आणि दोनच अणूंचा, त्यामुळे त्याच्या रेषा वीस-पंचवीस प्रति सेंमीच्या अंतराने सुट्या सुट्या उभ्या असतात. तरीही त्यातल्या बहुतेक मिथेन आणि पाण्याच्या जाड रेषांखाली दबतात. वापरात टिकल्या त्या मुख्यतः तीन: २७२७.७८, २७७५.७६ आणि २९२५.९०.

यांतली शेवटची सगळ्यांत ठसठशीत, म्हणून नवखा माणूस तीच धरून बसतो. माझा आग्रह आहे की तिन्ही वापरा, आणि त्यामागे ठोस कारण आहे. २९२५.९० ची रेषा ज्या पातळीवरून निघते तिची ऊर्जा जेमतेम २१ प्रति सेंमी आहे, त्यामुळे हवेच्या तापमानात थोडी चूक झाली तरी तिची तीव्रता फारशी हलत नाही. २७२७.७८ ची रेषा मात्र सुमारे ५८० प्रति सेंमी ऊर्जेच्या पातळीवरून निघते. थंड स्थितांबरात त्या पातळीवर रेणू कमी असतात आणि तापमानाच्या थोड्या बदलानेही त्यांची संख्या बरीच बदलते. दोन्ही रेषांतून वेगवेगळी उत्तरं आली तर पहिला संशय तापमानाच्या आलेखावर घ्यायचा. एकाच रेषेवर विसंबलात तर ही तपासणी करायची संधीच उरत नाही.

ओळख पक्की करण्याची आणखी एक सोय निसर्गाने दिली आहे. क्लोरिनची दोन स्थिर समस्थानिकं आहेत, ३५ आणि ३७, साधारण तीनास एक या प्रमाणात. जड समस्थानिकाची रेषा हलक्या समस्थानिकाच्या रेषेच्या सुमारे २ प्रति सेंमी खाली असते. ती स्वच्छ दिसत असेल तर तिची तीव्रता एकतृतीयांशाच्या आसपास यायला हवी.

उपकरण

फूरिये रूपांतर वर्णपटमापक किरण दोन वाटांनी पाठवून पुन्हा एकत्र आणतो आणि त्या नोंदीतून गणिताने वर्णपट काढतो. त्याच्याशिवाय हे काम होत नाही, आणि त्याचं विभेदन किती हवं याचा हिशेब सोपा आहे. २२० केल्विन तापमानाला हायड्रोजन क्लोराइडच्या २९२५.९० च्या रेषेची डॉप्लरमुळे होणारी रुंदी, अर्ध्या उंचीवर मोजली तर, सुमारे ०.००५ प्रति सेंमी भरते. उंच स्थितांबरात दाब नगण्य असतो, त्यामुळे तिथल्या रेषेचा गाभा इतकाच अरुंद राहतो. विभेदन याच्या आसपास किंवा याहून सूक्ष्म हवं. कमाल पथांतर, म्हणजे त्या दोन वाटांच्या लांबीतला सर्वांत मोठा फरक, १८० सेंमी असेल तर ०.००५ मिळतं, २५७ सेंमी असेल तर ०.००३५. म्हणूनच ही उपकरणं एक अख्खी खोली अडवतात.

हायड्रोजन क्लोराइडसाठी इंडियम अँटिमोनाइडचा डिटेक्टर, क्लोरिन नायट्रेटसाठी पारा-कॅडमियम-टेल्युराइडचा. दोन्ही द्रवरूप नायट्रोजनने ७७ केल्विनपर्यंत थंड करायचे. किरण-विभाजक पोटॅशियम ब्रोमाइडचा घ्या. कॅल्शियम फ्लोराइड ७८० प्रति सेंमीच्या भागात प्रकाश जाऊच देत नाही, मग क्लोरिन नायट्रेट कायमचं हातचं जातं. पोटॅशियम ब्रोमाइडला दमट हवा सोसत नाही. खिडक्या धुरकट होतात, म्हणून उपकरण निर्वात ठेवा आणि उघडण्याआधी खोलीतली आर्द्रता बघा. निर्वातपणाचा दुसरा फायदा असा की प्रयोगशाळेतल्या हवेतली वाफ आणि आम्लाचे अंश किरणांच्या वाटेत येत नाहीत.

डिटेक्टरसमोर अरुंद पट्ट्याची प्रकाशगाळणी हवीच. संपूर्ण अवरक्त प्रकाश एकदम आत सोडला तर नको असलेल्या भागांतला गोंगाट हव्या त्या रेषेवर येऊन बसतो.

सूर्यबिंब धरून ठेवणं

या भागाकडे फार दुर्लक्ष होतं. सूर्य क्षितिजाकडे झुकला की प्रकाशाला हवेतला लांब तिरका रस्ता कापावा लागतो. रेषा खोल होतात, हा फायदा. पण तिरकस रस्त्याच्या लांबीत चूक झाली तर उत्तर त्याच प्रमाणात चुकतं. शिरोबिंदूपासून ८० अंशांवर असलेल्या सूर्यासाठी ०.१ अंशाच्या चुकीने रस्त्याची लांबी साधारण १ टक्का बदलते, ६० अंशांवर ०.३ टक्का. सूर्यबिंबाचा व्यास अर्ध्या अंशाहून किंचित जास्त आहे, म्हणजे बिंबाच्या केंद्राऐवजी कडेचा प्रकाश आत आला तर ही चूक अडीच टक्क्यांपर्यंत जाते. क्लोरिनची वार्षिक घट एका टक्क्याच्या आत आहे हे लक्षात घेतलं, की हा आकडा किती मोठा आहे ते कळतं.

कॅमेऱ्याने उपकरणाच्या प्रवेशछिद्रावर पडलेली सूर्याची प्रतिमा सतत बघत राहणारा मागोवक (सूर्यामागे आरसे फिरवणारं यंत्र) सगळ्यांत चांगला. चार भागांच्या प्रकाशसंवेदकाने चालणारे जुने मागोवक ढग आले की भलत्या दिशेला खेचले जातात. संगणकाचं घड्याळही तपासा: सूर्य आकाशात मिनिटाला पाव अंश सरकतो. आणि विश्लेषणाच्या प्रणालीला सूर्याची जागा वक्रीभवनासह हवी आहे की वक्रीभवनाशिवाय, ते तिच्या माहितीपुस्तिकेत वाचून घ्या. ८० अंशांवर दोहोंतला फरक ०.०९ अंशाच्या आसपास असतो. ही गफलत झाली तर उत्तर निमूटपणे एका बाजूला झुकतं आणि वर्णपटात त्याची कुठलीच खूण दिसत नाही.

बिंबावर मोठा डाग असेल तर प्रवेशछिद्र त्यापासून दूर राहील हे पाहा. सूर्यडागांच्या तुलनेने थंड वायूत हायड्रोजन क्लोराइडच्या स्वतःच्या रेषा आढळलेल्या आहेत.

उपकरणाचा स्वतःचा ठसा

या संपूर्ण कामात एकाच गोष्टीवर वेळ खर्च करायची मुभा असती, तर मी ती इथे वापरली असती.

अनंत अरुंद रेषा उपकरणात सोडली तरी बाहेर येताना तिला रुंदी आणि आकार मिळतो. त्याला उपकरणाचा रेषा-आकार म्हणू. आरसे किंचित तिरपे झाले, सरकपट्टी झिजली, प्रवेशछिद्र मध्यावर राहिलं नाही, की हा आकार बिघडतो. आता जमिनीजवळच्या वायूच्या रेषा दाबामुळे आधीच रुंद असतात, त्यांना याचं फारसं काही वाटत नाही. स्थितांबरातल्या रेषेचा गाभा मात्र उपकरणाच्या रेषा-आकाराइतकाच अरुंद असतो. उपकरणाने तो थोडा पसरवला तर विश्लेषणाला वाटतं की वायू खाली, जास्त दाबाच्या थरात आहे. उंचीचा आलेख सरकतो आणि त्याच्याबरोबर एकूण राशीही.

उपाय म्हणजे ज्ञात वायूने भरलेली बंद काचनळी. हायड्रोजन ब्रोमाइड अगदी कमी दाबाला भरून तिच्यातून प्रयोगशाळेतल्या तापलेल्या दिव्याचा प्रकाश पाठवायचा आणि कमाल विभेदनावर वर्णपट घ्यायचा. या वायूच्या रेषा कशा दिसायला हव्यात हे ठाऊक असतं, म्हणून जो फरक उरतो तो उपकरणाचा. लाइनफिट ही प्रणाली त्यातून दोन वक्र काढून देते: पथांतर वाढत जाताना प्रतिरूपणाची कार्यक्षमता (दोन किरणांचा मिलाफ किती पूर्ण होतो) कशी बदलते, आणि कलेत, म्हणजे लहरींच्या तालात, किती चूक आहे. कार्यक्षमता शेवटपर्यंत एकच्या जवळ असेल तर निश्चिंत राहा. ती घसरत असेल तर आरशांची मांडणी दुरुस्त करा. विश्लेषणात हा वक्र घालून भरपाई करता येते, पण ते दुसऱ्या क्रमांकाचं समाधान आहे. ही नळीचाचणी महिन्यातून एकदा आणि उपकरणाला हात लावला की प्रत्येक वेळी, दुरुस्तीच्या आधी आणि नंतरही, करावी.

एक सावधगिरी. हरितगृह वायू मोजणाऱ्या काही केंद्रांवर नळीत हायड्रोजन क्लोराइडच भरलेला असतो आणि ती नळी सूर्यकिरणांच्या वाटेत कायम बसवलेली असते. अशा मांडणीत वातावरणातला हायड्रोजन क्लोराइड मोजता येत नाही, कारण नळीतला वायू त्याच तरंगसंख्यांवर प्रकाश गिळतो. जुने वर्णपट हाती घेताना नळी वाटेत होती का, ही नोंद आधी शोधा.

वर्णपट घेणं

आकाश स्वच्छ हवं. पातळ ढग सरकत असताना घेतलेल्या आंतरव्यतीकरणात (ज्यातून वर्णपट काढतात त्या कच्च्या नोंदीत) प्रकाशाची चढउतार मिसळते. ढग दिसला की ती फेरी टाकून द्या. कमाल विभेदनाच्या एका फेरीला मिनिटं लागतात. सूर्य खूप खाली असेल तर तेवढ्यात तिरका रस्ता बराच बदलतो, म्हणून तेव्हा कमी फेऱ्यांची सरासरी घ्या आणि वेळ फेरीच्या मध्याची नोंदवा. गोंगाटाच्या तुलनेत संकेत निदान काही शेकडा पट असावा.

पारा-कॅडमियम-टेल्युराइडचा डिटेक्टर सरळ प्रमाणात प्रतिसाद देत नाही. याची परीक्षा सोपी: गाळणी जिथे प्रकाश जाऊच देत नाही त्या भागात वर्णपट शून्यावर असायला हवा, आणि पूर्ण शोषलेल्या जाड रेषांचे तळही शून्याला टेकायला हवेत. ते वर तरंगत असतील तर दोष पकडला गेला. क्लोरिन नायट्रेटसाठी ही परीक्षा अत्यावश्यक आहे.

वर्णपटातून रेणूंची संख्या

एसफिट किंवा प्रॉफिट यांसारखी प्रणाली वापरा. ती काय करते ते थोडक्यात असं: वातावरणाचे थर मानायचे, प्रत्येक थरात दाब, तापमान आणि वायूंचं अंदाजी प्रमाण भरायचं, हिट्रान या रेषासंग्रहातून रेषांची माहिती घ्यायची, वर्णपट गणिताने तयार करायचा, मोजलेल्याशी ताडून पाहायचा, आणि प्रमाण सुधारत जायचं. दाब-तापमानाचे आलेख त्या दिवसाचे घ्या, हवामान-विश्लेषणातून ते मिळतात. वर्षभराची सरासरी चालणार नाही.

प्रत्येक खिडकी अरुंद ठेवा. २९२५.९० साठी २९२५.८ ते २९२६.० इतकी पुरते. त्या खिडकीत डोकावणारे मिथेन, पाणी, ओझोन आणि नायट्रोजन डायऑक्साइड यांचंही प्रमाण सोबत सोडवा. सूर्याच्या स्वतःच्या रेषाही असतात. त्या ओळखायची खात्रीची पद्धत म्हणजे सकाळचा आणि संध्याकाळचा वर्णपट एकावर एक ठेवणं. पृथ्वीच्या स्वतःभोवती फिरण्यामुळे सूर्यरेषा सकाळी एका बाजूला आणि संध्याकाळी दुसऱ्या बाजूला सरकतात. २९२६ च्या आसपास हे सरकणं विषुववृत्तावर ०.००४५ प्रति सेंमीपर्यंत असतं. वातावरणाच्या रेषा जागच्या हलत नाहीत.

उंचीचा आलेख मिळेल, पण त्यात किती स्वतंत्र माहिती आहे हे सरासरी-गाभ्याच्या सारणीवरून (मोजणीतून कुठल्या उंचीची माहिती किती येते ते सांगणाऱ्या तक्त्यावरून) बघा. हायड्रोजन क्लोराइडसाठी स्वतंत्र माहितीची संख्या दोनच्या आसपास असते, म्हणजे खालचं स्थितांबर आणि वरचं स्थितांबर असे दोन ठोकळ भाग वेगळे करता येतात. त्याहून बारीक चढउतार दिसत असतील तर ते तुम्ही सुरुवातीला भरलेल्या अंदाजाचं प्रतिबिंब आहे. त्यावर निष्कर्ष उभारू नका.

मध्य अक्षांशांवर प्रति चौरस सेंमी उभ्या स्तंभात हायड्रोजन क्लोराइडचे साधारण ३ ते ५ गुणिले १० चा १५ वा घात इतके रेणू यावेत. दहापट फरक असेल तर एककात गडबड आहे.

उरलेला फरक वाचणं

मोजलेल्या आणि गणिती वर्णपटातला फरक काढा, आणि एका दिवसाचा नव्हे, अनेक दिवसांच्या फरकांची सरासरी पाहा. गोंगाट सरासरीत विरून जातो. जी नक्षी टिकते ती बोलते. रेषेच्या दोन बाजूंना उलटसुलट चढउतार असेल तर तरंगसंख्येचं माप सरकलं आहे किंवा उपकरणात कलेची चूक आहे. मध्यभागी सममित दुहेरी उंचवटा असेल तर रुंदी जुळत नाही: पुन्हा नळीचाचणीकडे किंवा दाब-तापमानाकडे वळा. खिडकीभर समान अंतराच्या लाटा दिसल्या तर दोन समांतर पारदर्शक पृष्ठभागांमध्ये प्रकाश मागेपुढे होतो आहे. गाळणी किंवा खिडकी किंचित तिरपी केली की त्या जातात.

सगळ्यांत चांगली कसोटी एका स्वच्छ दिवसात होते. हायड्रोजन क्लोराइड दिवसभरात फारसा बदलत नाही. सूर्य खाली असताना आणि वर असताना काढलेली स्तंभराशी, म्हणजे उभ्या स्तंभातली एकूण रेणूसंख्या, जुळली पाहिजे. ती सूर्याच्या कोनाबरोबर वाकत असेल, तर मागोवा, शून्यपातळी, रेषा-आकार यांपैकी काहीतरी बिनसलं आहे. ही कसोटी उतरत नाही तोवर दीर्घकालीन कल काढायला बसू नये असं माझं ठाम मत आहे.

मग क्लोरिन नायट्रेट

हा रेणू जड, त्याच्या रेषा इतक्या दाट की सुट्या दिसत नाहीत. ७८०.२ प्रति सेंमीवर त्यांचा एक गठ्ठा टोकदार उभा राहतो, तोच आपला आधार. जमिनीवरून पाहताना तो बहुधा एक-दोन टक्केच प्रकाश शोषतो, आणि त्याच्यावर ओझोन, कार्बन डायऑक्साइड, पाणी व नायट्रिक आम्लाच्या रेषा पडलेल्या असतात. म्हणून क्रम असा ठेवा: आधी मोठ्या खिडकीत ओझोन आणि इतर वायू नीट बसवून घ्या, मग ते प्रमाण जवळपास पक्कं धरून ७८०.० ते ७८०.३ च्या अरुंद खिडकीत क्लोरिन नायट्रेट काढा. इथे सुट्या रेषांऐवजी प्रयोगशाळेत वेगवेगळ्या तापमान-दाबांना मोजलेले शोषण-छेद (एक रेणू किती प्रकाश शोषतो त्याचं माप) वापरतात. उंची असलेली, कोरड्या हवेची जागा या वायूसाठी फार उपकारक ठरते. आलेखाची आशा धरू नका. एकूण स्तंभराशी मिळाली तरी समाधान माना.

आकड्यांचा अर्थ लावताना

स्तंभराशी वाढली म्हणजे क्लोरिन वाढला असं होत नाही. वरची हवा खाली उतरली तरी ती वाढते. यासाठी त्याच दिवशी हायड्रोजन फ्लोराइडही मोजा. त्याची सोयीची रेषा ४०३८.९६ वर आहे. स्थितांबरात तो जवळपास निष्क्रिय असतो, त्यामुळे हवेच्या हालचालीचा परिणाम त्याच्यावरही सारखाच होतो, पण रासायनिक झीज त्याला लागत नाही. हायड्रोजन क्लोराइडचं हायड्रोजन फ्लोराइडशी गुणोत्तर घसरलं तर क्लोरिनचं रसायन बदललं आहे.

१९८६ च्या वसंतात अंटार्क्टिकावरच्या मॅकमर्डो केंद्रावर अवरक्त वर्णपटांनी नेमकं हेच दाखवलं: ओझोन छिद्राच्या काळात हायड्रोजन क्लोराइड नेहमीच्या अपेक्षेपेक्षा खूपच कमी होता. ध्रुवीय ढगांच्या कणांवर तो क्लोरिन नायट्रेटशी अभिक्रिया करतो, क्लोरिन वायू सुटतो आणि सूर्य उगवताच तो फुटून ओझोनवर तुटून पडतो. वसंत सरताना साठे पुन्हा भरतात, पण दोन ध्रुवांवर वेगळ्या क्रमाने. आर्क्टिकमध्ये बहुधा आधी क्लोरिन नायट्रेट वाढतो. अंटार्क्टिकात ओझोन जवळजवळ संपलेला असल्याने हायड्रोजन क्लोराइड आधी परततो. म्हणून ध्रुवीय प्रदेशात फक्त एकच साठा मोजणं अपुरं आहे.

हालचालीने फसवणूक मध्य अक्षांशांवरही होते. मॉन्ट्रियल करारानंतर, नव्वदच्या दशकाच्या अखेरीपासून हायड्रोजन क्लोराइड घटू लागला होता. २००७ नंतर मात्र उत्तर गोलार्धाच्या खालच्या स्थितांबरात तो काही वर्षं वाढला. २०१४ मध्ये युंगफ्राऊयोखसह अनेक केंद्रांच्या आणि उपग्रहांच्या मोजण्या एकत्र करून या वाढीचं कारण हवेच्या अभिसरणातला तात्पुरता बदल असल्याचं प्रसिद्ध झालं. सीएफसी पुन्हा सुटू लागल्याचा निष्कर्ष एखाद्याने घाईने काढला असता, तर तो चुकीचा ठरला असता.

स्वतःचं उपकरण नसेल तरी शिकता येतं. एनडीएसीसी या आंतरराष्ट्रीय जाळ्यातल्या केंद्रांची माहिती खुली आहे. २००३ मध्ये सोडलेल्या सायसॅट उपग्रहावरचं एसीई-एफटीएस उपकरण सूर्योदय-सूर्यास्ताच्या वेळी वातावरणाच्या कडेतून सूर्य बघतं आणि दोन्ही साठ्यांचे उंचीनुसार आलेख देतं. जमिनीवरच्या मोजणीशी ते ताडताना उपग्रहाचा बारीक आलेख आधी आपल्या सरासरी-गाभ्यातून गाळून घ्यावा लागतो, नाहीतर दोन वेगळ्या जातीच्या राशींची तुलना होते.

स्वतः मोजत असाल तर कच्ची आंतरव्यतीकरणं जपून ठेवा, नुसते तयार वर्णपट पुरत नाहीत. सोबत त्या दिवसाची नळीचाचणी, गाळणीचा क्रमांक, प्रवेशछिद्राचा व्यास, घड्याळाची तपासणी आणि आरशाला हात लागल्याची प्रत्येक तारीख लिहून ठेवा. हिट्रानची नवी आवृत्ती आली की अख्खी मालिका पहिल्या दिवसापासून पुन्हा काढायची असते. जुनी वर्षं जुन्या रेषासंग्रहाने आणि नवी वर्षं नव्याने काढली, तर जोडावर जी पायरी पडते ती वातावरणातली नसते.